काळ्या काचेचं हेल्मेट

आप्पा, आज सकाळी स्वयंपाकघरात मी एक अस्सल शिवी घातली. तुमचीच, वेल्डिंगचा रॉड चिकटला की तुम्ही घालायचात ती. गॅसच्या आचेवर ॲक्रिलिकचा तुकडा धरला होता, तो लवायचा सोडून फुगला, त्याला फोड आले आणि भस्सकन पेटला. एक जळता थेंब मनगटावर पडला आणि कातडीला चिकटून तिथेच जळत राहिला. तुकडा मोरीत फेकला, हात नळाखाली धरला आणि शिवी तोंडातून गेली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "आला गो बाय, तुझा बापूस आला." चोवीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी घरात काही जळलं की अजून तुम्हीच येता. तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय ती सवय आहे. मान वगैरे समजू नका.

मी आता एक्कावन्न वर्षांची आहे. शहापूरला राहते, शेणव्याच्या शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात दिवाळी अंकांमधून सभ्य माणसांची सालं काढते. लोक म्हणतात बाईंची जीभ फार तिखट. त्यांनी तुमचा हात पाहिला नाही. नवरा आहे, पण तो सज्जन असल्यामुळे या पत्रात त्याला काही काम नाही. आई माझ्याकडेच असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते. आणि मी या वयात एका परग्रहावरच्या शिपायाचं हेल्मेट तयार करतेय, सिनेमातलं, दिवे आणि काळी काच असलेलं. तुम्हाला तो सिनेमा आठवत असेल. तुम्हीच दाखवला होता.

आधी हे सगळं कशामुळे ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी शेणव्याच्या वळणावर खडीवरून माझी स्कूटी घसरली आणि माझं डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. भुवईपासून टाळूपर्यंत कातडी उघडली. समोरून पाटी घेऊन येणाऱ्या बाईने आधी किंकाळी फोडली आणि मग मला ओळखलं. "बाय गो, ह्या तर मास्तरीणबाय!" अकरा टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, हेल्मेट कुठे होतं? म्हटलं, घरी आहे, त्याला काही झालेलं नाही. ते हसले नाहीत. पुढे डाव्या बाजूने काहीतरी बोलले ते मला कळलं नाही, कारण डाव्या कानाने मला अडतीस वर्षांत काही ऐकू आलेलं नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे.

हेल्मेट मी कधी घातलंच नाही. बाजारातली चार आणून ठेवली. डोकं आत घालायला गेलं की मान ताठ होते, तोंडात लोखंडाची चव येते. हायवेवरच्या पोलिसांना आजवर मी इतकी कारणं सांगितली की त्यांचा एक संग्रह निघेल. लेक मात्र हसत नाही. ती ठाण्याला नोकरी करते, रविवारी घरी येते. टाके काढले त्या रविवारी तिने स्कूटीची किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"आई, तुझी कारणं ऐकून पोलीस हसतात. डंपर हसणार नाही."

"मला बाजारातलं सोसत नाही गं."

"मग सिनेमातलं कर. लहानपणापासून ऐकतेय, काळी काच, निळे दिवे, अमुक आणि तमुक. ते तरी घालशील ना? ज्या दिवशी डोक्यात घालून दाखवशील त्या दिवशी किल्ली."

तिला मी सिनेमाची गोष्ट सांगितली होती. लहानपणी तसलं हेल्मेट केलं होतं हेही सांगितलं होतं. तिथून पुढची गोष्ट मी कधीच सांगितली नाही. दर वेळी तिथे येऊन मी काहीतरी विनोद करते.

मुरबाडच्या स्टँडमागे पत्र्याचं व्हिडिओ सेंटर होतं. सिनेमाच्या आदल्या दिवशी तुम्ही तापलेला रॉड फेकून मारला होता, माझ्या पोटरीला लागला, तिथे अजून बोटभर डाग आहे. दुसऱ्या दिवशी न बोलता तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवलंत आणि सिनेमाला नेलंत. सोबत खारे शेंगदाणे. त्या सिनेमातल्या शिपायाला तोंडच नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक काळी काच आणि कानशिलांवर दोन निळे दिवे. त्याला कोणी कितीही मारलं तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. मी शेंगदाणे खायची विसरले. तुम्ही मात्र त्यांच्या यानाकडे बघत होता. "तो जोड बघ," तुम्ही माझ्या कानात म्हणालात, तेव्हा तो कान चालू होता, "नुसता टाका मारलाय साल्यांनी. उडाला का तुटंल." आणि आपण दोघं इतके हसलो की पुढच्या माणसाने वळून पाहिलं. तो एक दिवस मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते. दुसरा शोधला, सापडला नाही.

मग मी हेल्मेट करायला घेतलं. आईचा लहान ॲल्युमिनियमचा टोप डोक्यावर बरोबर बसत होता. त्याच्या काठाला पुठ्ठे शिवले, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवले, थरावर थर, आणि वर तुमच्या दुकानातला ग्रिलला लावायचा चंदेरी रंग. टॉर्चचे दोन बल्ब, त्यांच्यावर मिठाईच्या पुड्याचा निळा कागद. राहिली काच. तुम्ही वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायचात त्या ढालीत काळी काच होती. मला वाटलं, आप्पा त्यातून बघतात म्हणजे त्यातून दिसत असणार. सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी ती काढून घेतली आणि माझ्या हेल्मेटला बसवली. घालून पाहिलं तर आत ठार अंधार. त्या काचेतून फक्त जळणारी ठिणगी दिसते, नाहीतर सूर्य. वेल्डरच्या पोरीला हे ठाऊक असायला हवं होतं. पण तुम्ही काम करताना आम्हाला तिकडे बघायची बंदी होती, आणि तुमचं एवढं एक मी ऐकलं होतं.

त्या दिवशी वैशाखऱ्याच्या एका फार्महाउसचं गेट द्यायचं होतं. काच सापडेना, मालक डोक्यावर उभा, तेव्हा तुम्ही सगळे वेल्डर करतात तेच केलंत. रॉड टेकवला की डोळे मिटायचे आणि पापणीवरच्या उजेडाच्या अंदाजाने टाका ओढत न्यायचा. एक-दोन टाक्यांना हे चालतं. तुम्ही दिवसभर केलंत. दिवेलागणीला डोळ्यांत मिरची भरल्यासारखे ओरडत घरी आलात. आईने बटाटा किसून फडक्यात बांधला आणि तुमच्या डोळ्यांवर ठेवला. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि एकच विचारत होतात.

"काच कोनी घेतली? बोला. कोनी घेतली काच?"

मी तुमच्यापासून दोन हातांवर होते. तेरा वर्षांची होते.

"आईने," मी म्हणाले.

तुम्हाला दिसत नव्हतं. तुम्ही पाट उचललात आणि बांगड्यांच्या आवाजावर गेलात. ती चुलीकडे सरकली, बांगड्या वाजल्या, पाट तिकडे. ती मोरीकडे सरकली, पाट तिकडे. किसलेला बटाटा तुमच्या गालांवरून ओघळत होता आणि तुम्ही आंधळ्या रेड्यासारखे भिंतींना धडकत होतात. एक घाव तिच्या जबड्यावर बसला, तो आवाज मला अजून चालू कानात ऐकू येतो. बांगड्या एकेक फुटत गेल्या तसा तिचा आवाज कमी होत गेला. शेवटची फुटली तेव्हा तुम्हाला ती सापडेना. म्हणून थांबलात. दया आली म्हणून नाही. मी कोपऱ्यात श्वास धरून उभी होते. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाटेखाली तुम्हाला माझं हेल्मेट सापडलं. तुमचे डोळे लाल होते, पण दिसायला लागलं होतं. तुम्ही ते उचललंत, काच पाहिलीत, माझ्याकडे पाहिलंत. आई मध्ये आली. जबडा सुजलेला, नीट बोलता येत नव्हतं.

"मीच दिली व्हती तिला. खेलायला."

म्हणजे माझं खोटं तिने खरं करून टाकलं. तुम्ही तिला बाजूला ढकललंत, माझी वेणी धरून मला दुकानात नेलंत आणि ते हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलंत. टाक्यावरची खपली काढायची तुमची ती हातोडी, एका बाजूला टोक, एका बाजूला धार. "लय हौस ना? आतून दिसतंय काय गो? दिसतंय काय?" आणि पहिला घाव. आत काळोख होता, आप्पा. मारणाऱ्याचा हात दिसला तर माणूस निदान मान वळवतो. मी म्हणाले, नाय. घाव. मग म्हणाले, हो हो, दिसतंय. घाव. दोन्ही उत्तरं चुकीची होती. टोपाने टाळू वाचवली, पण टोपाच्या आत प्रत्येक घाव घंटेसारखा वाजत होता. एक डाव्या बाजूला काठावर बसला आणि ती बाजू एकदम शांत झाली. मला तर बरं वाटलं, निम्मा आवाज तरी कमी झाला. गळ्याकडे काहीतरी गरम ओघळत गेलं. मग तुम्ही ते उपसून काढलंत, काच काढून घेतलीत, ढालीत बसवलीत आणि गेटचा उरलेला जोड पुरा केलात. संध्याकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात. जोड उत्तम होता. ते गेट अजून उभं आहे, मी मुद्दाम जाऊन पाहून आले.

त्यानंतर आई हातात दोनच बांगड्या घालायची आणि त्या कोपरापर्यंत चढवून ठेवायची, वाजू नयेत म्हणून. शेवटची दोन वर्षं तुमचे डोळे पार गेले. तुम्ही दारात बसून हाका मारायचात, "कुठं हायस गो? अगो, हायस काय?" ती तुमच्यापासून तीन हातांवर तांदूळ निवडत असायची. बांगड्या वर चढवलेल्या. ओ द्यायची नाही. तुम्ही हाका मारून मारून रडकुंडीला आलात की उठून पाणी द्यायची. तुम्हाला वाटायचं बाहेरून आली. तुमच्यामागे बांगड्या उतरल्या, तरी भांडी घासायला बसली की तिचा हात अजून मनगटावरून काहीतरी वर सरकवतो.

असो. हेल्मेटचं सांगत होते. लेकीने मोबाइलवर सिनेमातली चित्रं शोधली आणि बाजारातलं एक पूर्ण तोंडाचं हेल्मेट आणलं, त्याच्यावरच सगळं चढवायचं होतं. जुनी योगाची चटई कापून गालांचे आणि कपाळाचे उंचवटे केले. जन्मात पहिल्यांदा योगाचा उपयोग झाला. गाड्यांना पुट्टी भरणाऱ्याकडून पुट्टी आणली, पाणी लावून घासली, रंग मारला. आठ दिवस घरभर पांढरी धूळ होती आणि आई म्हणत होती, "बोहाड्याचं सोंग घेतलंस काय गो? आमच्याकडं मुखवटा घातला का मानूस देव व्हतो. तू काय व्हनार?" म्हटलं, मी स्कूटी चालवणार.

शेवटी राहिला मार. त्या शिपायाचं हेल्मेट लढून आलेलं असतं, त्याला पोचे पडलेले असतात. लेक म्हणाली, "वरच्या थरालाच हलके टोचे दे आई, आतल्या हेल्मेटला लागू देऊ नकोस." माझ्याकडे तुमची ती हातोडी आहे. दुकान विकलं तेव्हा मी तेवढीच मागून घेतली होती, सगळ्यांना वाटलं लेकीची माया. पहिला टोचा हलका होता. दुसराही. तिसऱ्याला पुट्टीचा तुकडा उडाला आणि तो आवाज आला, तोच. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. हेल्मेट फरशीवर होतं आणि मी त्याच्यावर गुडघा रोवून मारत होते. योगाची चटई फाटली, रंग फाटला, आतलं कवच तडकलं, तरी मारत होते. तोंडातून तुमचे शब्द येत होते, तुमच्याच आवाजात. दिसतंय काय, दिसतंय काय. "आई!" लेक मागून ओरडली आणि मी हातोडी उगारूनच वळले. ती दोन पावलं मागे सरली. आप्पा, तिने तिचा हात तोंडावर आडवा धरला. तिच्यावर आजवर कोणी बोट उगारलेलं नाही, आणि तरी तिचा हात बरोबर तिथेच गेला, कोणी न शिकवता.

आई भिंत धरत धरत आली. तिने माझ्या मुठीतून हातोडी सोडवून घेतली, एकेक बोट उघडून. "दे इकडं. तुझ्या बापासारकी मारतेस, शिस्त नाय." लेक दुपारचं जेवण करून परत गेली. किल्ली टेबलावर ठेवून गेली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. ती सोबत घेऊन गेली. पण बुधवारी दुसरं हेल्मेट घरी आलं, तिनेच पाठवलेलं. आत चिठ्ठी, 'पुन्हा कर.'

मी पुन्हा केलं. काळी फिल्म आणायला हायवेवरच्या गाड्या सजवणाऱ्याकडे गेले.

"मॅडम, काळी फिल्म बंद हाय. गाडीला लावली का मामा पकडतात."

"गाडीला नको. डोक्याला लावायचीय."

त्याने माझ्या टाक्यांच्या व्रणाकडे पाहिलं. "डोक्याला अजून कायदा नाय. लावा. ठार काळी देऊ?"

"बाहेरून काळी दिसेल आणि आतून दिसेल अशी दे." हे वाक्य अडतीस वर्षं उशिरा बोलले.

तर सकाळी जळली ती काचेसाठी आणलेली ॲक्रिलिकची पट्टी, दुसरी तडकली. तिसरी मी आईच्या टोपावर वाकवली. हो, तोच टोप. पोचे पडलेले असूनही तिने टाकला नव्हता, त्यात ती अजून डाळ शिजवते. तिसरी बरोबर बसली. फिल्म लावली, दिव्यांची पट्टी जोडली, बटण दाबलं आणि दोन्ही कानशिलं निळी झाली. लेक सकाळच्या गाडीने आली होती, दारात उभी होती, जरा लांबच. आईने हेल्मेट मांडीवर घेतलं, हातोडी मागितली आणि पुट्टीत टोचे दिले. सावकाश, भाकरीवर बोटं उमटवावीत तसे. मी मोजत नव्हते. ती मोजत होती.

"सात," ती म्हणाली. "त्या दिवशी सात व्हते." मग काचेवरून बोट फिरवलं. "काच कोनाची घेतलीस या बारीला?"

"विकत आणली." आणि मग माझ्या तोंडून गेलं, "आई, तेव्हाची मी चोरली होती. आणि तुझं नाव मी घेतलं."

"मंग? मी काय आंधली व्हती? दोन दिवस टोप घरात नाय, पोरगी खल शिजवते, बाईला कलत नाय व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर पाट तुझ्या डोक्यात बसला असता. मी काय, बांगड्यांवर भागवलं." लेक दारातून पुढे आली आणि आईच्या शेजारी खाली बसली. तिला सगळं सांगावं लागलं. या वेळी विनोद केला नाही.

मग मी हेल्मेट उचललं. मान ताठ झाली, लोखंडाची चव आली. तरी डोकं आत घातलं. लेकीने हनुवटीखालचा पट्टा लावला. तिने दिवे लावले असावेत, कारण आई हसली. मग आईने वरून बोटाच्या पेराने एकदा ठोकलं, हळूच.

"दिसतंय काय गो आतून?"

"दिसतंय," मी म्हणाले.

लेकीने किल्ली माझ्या हातात दिली. उद्या सोमवार, शाळेला स्कूटीनेच जाणार आहे. हेल्मेट डाव्या बाजूला जरा ढिलं पडतं. हे पत्र घडी घालून तिथे अस्तराखाली बसवेन, कुठे टाकायचा प्रश्न नाही. फक्त एक राहिलं. मी दिसतंय म्हणाले तेव्हा माझे डोळे घट्ट मिटलेले होते, आप्पा. काच चांगली लागलीय, बाहेरून कोणाला कळलं नाही.